'चेन स्मोकर' : एका शब्दाची कुळकथा

व्यसनमुक्ती सप्ताहानिमित्त एका तालुक्याच्या गावी शाळेतील मुलांनी काढलेल्या भित्तिचित्रांचे प्रदर्शन पाहण्याचा योग आला होता. त्यातील एका चित्रापुढे पाहुणे मंडळी बराच वेळ थांबत होती. लोखंडी साखळदंडांनी जखडलेला एक कृश मनुष्य, त्याच्या ओठांत पेटलेली सिगारेट आणि खाली ठळक अक्षरांत दोनच शब्द : 'चेन स्मोकर'. चित्र काढणारा मुलगा सातवीतला होता. "चेन म्हणजे साखळी. ज्याला साखळीने बांधले आहे तो चेन स्मोकर," असे त्याने सांगितले. त्याच्या गुरुजींनीही मान डोलावली.

मुलाचे चित्र चांगले होते आणि त्यातील विचारही खोटा नव्हता. परंतु तो या शब्दाचा मूळ अर्थ मात्र नव्हे. या शब्दातील साखळी कैद्याच्या पायातील नाही. ती कड्यात कडी अडकवून लांब होत जाणारी साखळी आहे. हा भेद शब्दकोशापुरताच असता, तर त्यासाठी या पानांची जागा अडविण्याचे कारण नव्हते. पण शब्दाचा मूळ अर्थ नीट ध्यानात आला म्हणजे तो आपल्याकडे कोणाला लागू पडतो आणि कोणाला लागू न पडल्यामुळे नजरेतून निसटतो, हेही ध्यानात येते.

मराठी भाषेला या अर्थाची साखळी अपरिचित नाही. साखळी उपोषण आपण सर्वांनी पाहिले आहे. सकाळी पाच जण मंडपात बसतात, दुसऱ्या दिवशी ते उठतात आणि त्यांच्या जागी दुसरे पाच जण येतात. माणसे बदलतात, उपोषण मात्र तुटत नाही. 'चेन स्मोकर' या शब्दात नेमकी हीच कल्पना आहे. पहिली सिगारेट संपत आली, तिचे थोटूक होण्याच्या बेतात आले, की तिच्याच निखाऱ्यावर दुसरी पेटवावयाची. सिगारेटी बदलतात, विस्तव एकच राहतो. पहिली कडी दुसरीत अडकते, दुसरी तिसरीत, आणि अशा रीतीने सकाळी ओढलेली एक काडी दिवसभर पुरते.

हा शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आला हे उघड आहे. पण इंग्रजीतही तो मूळचा नव्हे. जर्मन भाषेत 'केटेनराउखर' असा एक जोडशब्द आहे. 'केटे' म्हणजे साखळी आणि 'राउखर' म्हणजे धूर काढणारा, धूम्रपान करणारा. इंग्रजीतील 'चेन स्मोकर' हा या जर्मन शब्दाचाच शब्दशः अनुवाद असावा, असे व्युत्पत्तिकार मानतात. त्याला आधारही तसाच आहे. १८८६ च्या सुमारास हा शब्द इंग्रजी लिखाणात प्रथम आढळतो तो जर्मनीचे पहिले चॅन्सेलर ओटो फॉन बिस्मार्क यांच्या संदर्भात. बिस्मार्क सिगारेट नव्हे तर सिगार ओढीत. म्हणजे या शब्दाचा जन्म सिगारेटच्या नव्हे तर सिगारच्या धुरात झाला आणि पुढे सिगारेटचा प्रसार झाल्यावर तो तिला कायमचा चिकटला. एखाद्या थोर मुत्सद्द्याच्या नावाशी आपली जन्मकथा जोडली जाण्याचे भाग्य फार थोड्या शब्दांच्या वाट्याला येते. ते या शब्दाच्या वाट्याला यावे, ही गंमतच म्हणावयाची.

येथे एक प्रश्न सहज मनात येतो. युरोपात तंबाखू पोहोचली सोळाव्या शतकात. पोर्तुगालमधील फ्रेंच वकील झाँ निको याने १५६० च्या सुमारास ती फ्रान्सच्या राजदरबारी पाठविली आणि त्याच्या नावावरूनच पुढे 'निकोटीन' हा शब्द तयार झाला. मग अखंड धूम्रपान करणाऱ्यासाठी स्वतंत्र शब्द घडावयास आणखी तीनशे वर्षे का लागली? याचे उत्तर भाषेत नाही, ते कारखान्यात आहे. पाइप भरावा लागतो, साफ करावा लागतो. हुक्क्याला पाणी, चिलीम आणि निखारे लागतात. आपल्याकडील जुन्या पिढीतील शेतकरी कमरेच्या चंचीत चकमक, पोलाद आणि कापूस बाळगीत असे. ठिणगी पाडून कापूस पेटेपर्यंत दोन-चार मिनिटे सहज जात. धूम्रपान हे असे खटाटोपाचे काम होते, आणि खटाटोप म्हटला की खंड आलाच.

एकोणिसाव्या शतकाने हा खंड भरून काढला. १८२७ मध्ये इंग्लंडमधील जॉन वॉकर या औषधविक्रेत्याने घासून पेटणारी काडी विक्रीस आणली. १८४४ मध्ये स्वीडनच्या गुस्ताफ एरिक पाश याने सुरक्षित आगकाडीची कल्पना पुढे मांडली. १८८१ मध्ये अमेरिकेतील जेम्स बोनसॅक याला सिगारेट वळणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले. हे यंत्र दहा तासांत सुमारे १,२०,००० सिगारेटी तयार करू शकत असे. इतके काम हातांनी करावयाचे तर चाळीसेक कुशल कामगारांना दिवसभर राबावे लागे. सिगारेट स्वस्त झाली, तयार मिळू लागली, खिशात मावू लागली, आणि ती पाच-सहा मिनिटांत संपत असल्याने दुसरी पेटविण्याचा प्रसंगही लवकर येऊ लागला. शब्द सिगारमुळे जन्मला खरा, पण तो जगभर पसरला तो या यंत्रामुळे.

'ओढणे', 'पिणे' आणि 'पान'

विषय शब्दांचा निघालाच आहे, तर आपल्या भाषांकडेही थोडे पाहू. तंबाखूचा धूर घेण्याच्या क्रियेला काय म्हणावे, याबाबत भाषाभाषांत एकमत नाही. आपण मराठीत विडी 'ओढतो'. हिंदी भाषक ती 'पितो' आणि बंगाली माणूस सिगारेट चक्क 'खातो'. जपानी भाषेत ती चोखतात, तर तुर्की भाषेत पितात. सतराव्या शतकातील इंग्रजही तंबाखू 'पीत' असत. नव्या वस्तूसाठी क्रियापद हाताशी नसल्याने प्रत्येक भाषेने जुन्यातले एखादे उसने घेतले, इतकाच याचा अर्थ.

आपला औपचारिक शब्द 'धूम्रपान' हाही 'पिणे' याच कुळातला. संस्कृतात धुराला 'धूम' म्हणतात. 'धूम्र' म्हणजे धुराच्या रंगाचा, धुरकट. त्यामुळे काटेकोरपणे पाहिले तर 'धूमपान' हा शब्द अधिक शुद्ध ठरेल आणि आयुर्वेदाच्या ग्रंथांत तोच आढळतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात धूमपानाची सविस्तर चर्चा आहे. तेथील धूर तंबाखूचा असणे शक्यच नव्हते, कारण तंबाखू ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती. चरकाची धूमवर्ती सुगंधी व औषधी द्रव्यांची असे. पण या विवेचनातील एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार लक्षणीय आहे. नित्याच्या धूमपानासाठी तेथे दिवसातील आठ वेळा ठरवून दिल्या आहेत आणि अवेळी किंवा अतिप्रमाणात घेतलेल्या धुरामुळे कोणते विकार होतात, तेही सांगितले आहे. म्हणजे औषध म्हणून घ्यावयाच्या धुरालाही थांबे होते. साखळीची कल्पना याच्या नेमकी उलट टोकाला आहे.

तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांच्या मार्गाने आली आणि तिच्या उत्तरेकडील प्रवासात दख्खनचा वाटा मोठा आहे. अकबराचा दरबारी असद बेग याने १६०४ च्या सुमारास विजापुराहून तंबाखू व ती ओढण्याची रत्नजडित नळी बादशहाला नजर केली, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. राजवैद्याने या नव्या वस्तूविषयी तेव्हाच शंका घेतली होती. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदीचा हुकूम काढला. हुकुमाचा परिणाम काय झाला, हे चारशे वर्षांनंतर कोणत्याही गावाच्या पारावर पाहावयास मिळते.

'विडी' हा शब्द मात्र अस्सल इकडचा आहे. संस्कृत 'वीटिका' म्हणजे नागवेलीच्या पानाची गुंडाळी. तिच्यापासून विडा आणि विड्याची लहान बहीण ती विडी. पानात काहीतरी गुंडाळण्याची जुनी कल्पना तंबाखूच्या वाट्याला आली, इतकेच. 'चिरूट' हा शब्द तमिळमधील 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळी या शब्दावरून आला. आपल्याकडच्या दोन भाषांनी एकाच कृतीवरून दोन शब्द घडवावेत, हा योगायोग नव्हे.

विडीची साखळी का होत नाही?

आता मूळ मुद्द्याकडे वळू. 'चेन स्मोकर' हा शब्द सिगार-सिगारेटच्या संस्कृतीत घडला. तो आपल्याकडील परिस्थितीला कितपत लागू पडतो?

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होते. त्यांत सिगारेट ओढणारे ४ टक्के, तर विडी ओढणारे ७.७ टक्के होते. म्हणजे आपल्याकडील धूम्रपानाचा मुख्य प्रकार विडी हा आहे. गोंदिया-भंडाऱ्याकडील तेंदूपत्ता आणि सिन्नर व सोलापूर येथील विडी कामगार भगिनी यांचा महाराष्ट्राला चांगला परिचय आहे.

सिगारेटचा कागद आपोआप जळत राहतो. तेंदूचे पान तसे जळत नाही. झुरका थांबला की विडी विझू लागते. त्यामुळे विडी ओढणारा मनुष्य ती जिवंत ठेवण्यासाठी वारंवार आणि जोराने झुरके घेतो. विडीत सिगारेटपेक्षा तंबाखू कमी असते खरी, पण या ओढण्याच्या पद्धतीमुळे फुफ्फुसात जाणारे डांबर व कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नसते. शिवाय विझलेली विडी कानावर खोचून ठेवण्याची आणि तासाभराने तीच पुन्हा पेटविण्याची रीत आहे. अशा माणसाला 'चेन स्मोकर' कोण म्हणेल? त्याच्या विडीचा विस्तव तर दिवसातून दहा वेळा तुटतो. "आम्ही काय चेन स्मोकर थोडेच आहोत, दिवसाला चार-सहा विड्या," हे उत्तर ग्रामीण भागात काम करणाऱ्या प्रत्येक आरोग्यसेवकाने ऐकलेले असते. शब्दाची व्याख्या पाहिली तर उत्तर बरोबर आहे. आणि धोका आहे तो याच बरोबर उत्तरात.

कारण विस्तव ही साखळीची केवळ बाहेरची बाजू झाली. खरी साखळी रक्तात असते. झुरका घेतल्यापासून दहा-वीस सेकंदांत निकोटीन मेंदूपर्यंत पोहोचते. रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते. प्रमाण उतरू लागले की मन अस्वस्थ होते, कामात लक्ष लागत नाही, चिडचिड होते. मराठीत याला 'तलफ' असा नेमका शब्द आहे. दुसरी विडी या तलफेचे निवारण करते आणि त्याच वेळी पुढच्या तलफेची तजवीज करून ठेवते. दोन कड्यांना जोडणारा दुवा तो हा. दिवसाला वीस सिगारेटी ओढणारा मनुष्य सोळा तास जागा असतो असे धरले, तर त्याची एक सिगारेट सरासरी ४८ मिनिटांनी येते. थोटकाने सिगारेट पेटविण्याची त्याला कधी गरज पडत नाही. तरीही लोक त्याला चेन स्मोकर म्हणतात आणि माझ्या मते ते योग्यच करतात. जन्माच्या वेळी शब्दात विस्तवाची साखळी होती, आज तो सवयीच्या साखळीसाठी वापरला जातो. अर्थाचे हे स्थलांतर लोकांनी कोणाला न विचारता केले आणि विज्ञानाने पुढे त्यांना दुजोरा दिला.

या शब्दाला वैद्यकशास्त्रात कोणतीही आकडेवार व्याख्या नाही. किती सिगारेटींपुढे मनुष्य चेन स्मोकर ठरतो, याचा नियम नाही. व्यसनाची तीव्रता मोजण्यासाठी डॉक्टर वेगळीच प्रश्नावली वापरतात. स्वीडनमधील संशोधक कार्ल फागेरस्ट्रॉम यांनी ती प्रथम १९७८ मध्ये तयार केली आणि १९९१ मध्ये तिला सहा प्रश्नांचे सुटसुटीत रूप देण्यात आले. तिच्यातील सर्वांत बोलका प्रश्न 'किती ओढता?' हा नसून 'सकाळी उठल्यावर किती वेळाने पहिली ओढता?' हा आहे. रात्रभरच्या झोपेत रक्तातील निकोटीन ओसरते. डोळे उघडल्यापासून पाच मिनिटांच्या आत ज्याचा हात विडीकडे जातो, त्याची साखळी रात्रीच्या खंडानेही तुटलेली नसते. शिक्षकांनी किंवा ग्रामपंचायत सदस्यांनी कोणाशी या विषयावर बोलावयाचे असेल, तर विड्यांची संख्या विचारण्याआधी हा प्रश्न विचारून पाहावा. संख्या सांगताना माणूस कमी सांगतो. वेळ सांगताना तो सहसा खरे बोलून जातो.

थोड्या संख्येने धोकाही थोडाच, ही समजूतही तपासून घेतली पाहिजे. दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका पत्करावा लागतो, तो वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या एक विसांश नसून जवळजवळ निम्मा असतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीतून २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतातील मृत्यूंच्या एका मोठ्या अभ्यासात, २००८ मध्ये, असे आढळले की विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरी सुमारे ६ वर्षांनी, तर विडी ओढणाऱ्या स्त्रियांचे सुमारे ८ वर्षांनी कमी होते. यांतील बहुसंख्यांना कोणी कधी चेन स्मोकर म्हटले नसेल.

ज्याला शब्दच नाही अशी साखळी

महाराष्ट्रापुरते पाहिले तर चित्र आणखी वेगळे दिसते. त्याच सर्वेक्षणात राज्यातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे आढळले. त्यांत धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के होते, धूरविरहित तंबाखू सेवन करणारे मात्र २४.४ टक्के. तळहातावर मळलेली तंबाखू आणि चुना, गुटखा, खर्रा, सकाळी दातांना लावावयाची मशेरी, ही आपली खरी साखळी. २०१२ पासून राज्यात गुटख्याच्या उत्पादनावर व विक्रीवर बंदी आहे. चुन्याच्या डबीवर अर्थातच नाही.

दाढेखाली ठेवलेली चिमूट झुरक्यासारखी संपत नाही. गालाच्या आतील नाजूक त्वचेतून निकोटीन सावकाश रक्तात जात राहते आणि चुन्याच्या क्षारीय गुणामुळे ते अधिक सहजतेने शोषले जाते. चव उतरली की पिंक टाकून दुसरी चिमूट भरली जाते. कित्येक जण ती तोंडात तशीच ठेवून झोपी जातात. सिगारेट ओढणाऱ्या बिस्मार्कपंथीयाला निदान झोपताना तरी थांबावे लागते. याला तेही नको. निरंतरपणाच्या कसोटीवर पाहिले तर तंबाखू चघळणारा हा कोणत्याही चेन स्मोकरच्या पुढे आहे. पण त्याच्यासाठी आपल्या भाषेत खास शब्द नाही. धूर दिसतो, त्याचा वास येतो, शेजारी बसलेल्याला त्रास होतो, म्हणून धुराला शब्द मिळाला. गालातील गोळी कोणाला दिसत नाही. मशेरी लावणाऱ्या घरातील आजीला व्यसनी म्हणावे, हे तर कोणाच्या मनातही येत नाही. मुखाचा कर्करोग मात्र शब्दांची वाट पाहत नाही.

कायद्याचेही काहीसे असेच झाले आहे. २००३ च्या कायद्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई केली आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याविषयीचे सुधारित नियम लागू झाले. कार्यालयातील टेबलांवरील रक्षापात्रे नाहीशी झाली आणि थोटकाने सिगारेट पेटविण्याची जुनी पद्धत निदान कामाच्या वेळेत तरी बंद पडली. ज्या साहेबांच्या दालनात पूर्वी धुरातून वाट काढीत फाईल न्यावी लागे, त्यांना आता जिना उतरून फाटकाबाहेर जावे लागते. जिन्याच्या पायऱ्या हाही एक खंडच आहे. तंबाखू चघळणाऱ्याला मात्र जागेवरून उठावेही लागत नाही. त्याच कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीला आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत कोणतेही तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास मनाई आहे. येथे विडी आणि पुडी असा भेद केलेला नाही. शाळेच्या फाटकासमोरील टपरीकडे पाहताना मुख्याध्यापकांनी आणि सरपंचांनी हे कलम ध्यानात ठेवावे.

साखळी किती जुनी झाली म्हणजे तुटत नाही, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. ब्रिटनमधील डॉक्टरांच्या सवयींचा १९५१ पासून पन्नास वर्षे मागोवा घेणारा रिचर्ड डॉल व त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २००४ मध्ये पूर्णत्वाने प्रसिद्ध झाला. जन्मभर सिगारेट ओढणाऱ्यांचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी घटते, असे त्यात दिसले. पण तिशीत सोडणाऱ्याला ही दहाही वर्षे जवळपास परत मिळतात, चाळिशीत सोडणाऱ्याला नऊ, पन्नाशीत सोडणाऱ्याला सहा आणि साठीत सोडणाऱ्यालाही तीन. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी केंद्र शासनाने १८००-११-२३५६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध करून दिला आहे. विडी, सिगारेट, मशेरी किंवा चुना-तंबाखू, कोणत्याही प्रकाराविषयी तेथे सल्ला मिळतो.

प्रदर्शनातील त्या मुलाला मी साखळी उपोषणाचे उदाहरण देऊन शब्दाचा मूळ अर्थ समजावून सांगितला. त्याने तो लक्षपूर्वक ऐकला. मग जरा विचार करून त्याने विचारले, "माझे आजोबा दिवसभर तंबाखू खातात. त्यांना काय म्हणायचे?" गुरुजींनी माझ्याकडे पाहिले, मी गुरुजींकडे. दुसऱ्या वर्षी त्याच शाळेच्या प्रदर्शनात एक नवे चित्र लागलेले होते. त्यात साखळदंड नव्हते. चुन्याची डबी, तळहात, गाल आणि पुन्हा चुन्याची डबी, अशी चार चित्रे एका वर्तुळात काढलेली होती. खाली शीर्षकाची जागा मोकळीच ठेवली होती.